पिवळ्या खोक्यातली काडतुसं

बाबांच्या बंदुकीला मानवणारी गोळी कंपनीने बनवायची बंद केली, तिथून सगळं सुरू झालं. निदान बाबा तरी तसंच सांगत होते.

आतून पीळ पाडलेल्या नळीचं असंच असतं. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी दोन नळ्या बाहेर पडल्या, तरी एकीला जी गोळी मानवते ती दुसरीला मानवेलच असं नाही. डेल्बर्टकाकाकडे अगदी तशीच बारा बोअरची बंदूक आहे. त्याची तांबड्या खोक्यातली काडतुसं बाबांच्या बंदुकीत घातली, तर गोळ्या कोंबड्यांना दाणे टाकल्यासारख्या पसरतात. माझी मेबल झाल्यापासून मला याचं नवल वाटत नाही. ज्या दुधावर एक लेकरू बाळसं धरतं, त्याच दुधाने दुसऱ्याचं पोट फुगतं.

म्हणून आमच्याकडची रीत अशी, की चार-पाच जातींचं एकेक खोकं आणायचं, प्रत्येकातल्या तीन-तीन गोळ्या झाडून बघायच्या आणि बंदुकीने एकदा पसंती दिली, की त्याच घाण्यातली, झाकणावर तोच आकडा छापलेली, दुकानात असतील नसतील तेवढी खोकी उचलायची. बाबांनी अकरा वर्षांपूर्वी अशी चौदा खोकी उचलून आणली होती. आईने तेव्हा विचारलं होतं, "ऑरिन, युद्धाला चाललायस का?" त्या चौदातलं शेवटचं खोकं गेल्या डिसेंबरात संपलं. आणि त्याच डिसेंबरात बाबांची तीन हरणं चुकली, आणि चौथी, एक मादी, पोटात गोळी घेऊन झाडीत शिरली ती सापडलीच नाही. बाबा दोन दिवस बर्फातून तिचा माग काढत फिरले. खोकं दमट झालं असणार, एवढंच ते म्हणाले, आणि नाताळपर्यंत फारसं बोलले नाहीत.

तर यंदा नोव्हेंबरात, रविवारी चर्चहून आल्यावर, आम्ही नव्या गोळ्या बघायला बसलो. सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या शेतात, दोन पिंपांवर एक जुनं दार आडवं टाकलेलं. त्यावर वाळू भरलेल्या बियाण्याच्या पिशव्या, आणि पिशव्यांच्या पुढे पाच खोकी ओळीने. पाऊणशे यार्डांवर टेकडीचा बांध, आणि बांधापुढे चौकटीला टाचलेल्या कागदी प्लेटा. चर्चच्या मासळीच्या जेवणावळीतून उरलेल्या. मेबल आत आईपाशी होती.

"पाच स्थळं आलीयत," बाबा म्हणाले. "बघू, बाईसाहेब कोणाला हो म्हणतात."

"त्या म्हणतील हो, पण नवरदेव केवढ्याचे आहेत बघा. यांच्या किमतीत मेबलचे महिन्याचे लंगोट येतात."

"त्यांना प्लास्टिकचा अंगरखा असतो, म्हणून महाग. साधी शिशाची गोळी पिळाच्या नळीत घातलीस तर शिसं आत चिकटून बसतं. मग घास बसून, संध्याकाळपर्यंत."

"माहितीये हो बाबा. तुम्हीच शिकवलंत."

"तुला माहितीये. तुझ्या नवऱ्याला सांग."

पहिली हिरव्या खोक्यातली. बाबांनी गाल दस्त्याला टेकवला, श्वास सोडला, आणि बार झाला. मी दुर्बीण डोळ्याला लावून बसले होते. हे माझं काम, मी सात वर्षांची असल्यापासूनचं. ते झाडणार, मी बघणार.

"कुठे?"

प्लेटच्या डावीकडे, चांगली दोन हातांवर, बांधातली माती उडाली होती.

"डावीकडे," मी म्हणाले.

"किती?"

"जरा."

त्यांनी खिशातून मऊ फडकं काढलं, बंदुकीवरच्या दुर्बिणीची काच पुसली. दुसऱ्या बाराला पुसली, तिसऱ्यालाही. हिरवी झाली, निळी झाली. मध्ये नळी थंड होऊ द्यायची, आतून ब्रशने साफ करायची. चांदीच्या रंगाची झाली, काळी झाली. चार प्लेटांत मिळून तीन भोकं. बाबांच्या कपाळावर इतक्या थंडीतही घाम आला होता. पिवळ्या खोक्यातल्या तीन त्यांनी घाईने झाडल्या, मी काही बोलायच्या आत उठले आणि बोटं काखेत घालून म्हणाले, "हात बधिर झाले. मी कॉफी घेऊन येतो. नवी प्लेट लाव आणि पिवळ्यातल्या तीन तू झाड. बघू हात अजून शाबूत आहे का, की नुसतं बाळ जोजवायचंच शिकलीस."

दोन वर्षं मी बंदूक धरली नव्हती. बाराची बंदूक खांद्यावर लाथ घालते, आणि तो नेमका माझा उजवा खांदा, मेबल डोकं टेकून झोपते तो. पहिल्या बाराला डोळ्यांत पाणी आलं आणि दूधही उतरलं. स्वेटरला दोन ओले ठिपके घेऊन मी उरलेल्या दोन झाडल्या. मग चालत प्लेटांपाशी गेले.

माझ्या प्लेटवर तीन भोकं होती. वर कॉफीचा कप उपडा ठेवला असता तर तिन्ही झाकली गेली असती.

बाबांच्या प्लेटवर कडेला एक. बाकीच्या दोन बांधात, इतक्या दूर, की शोधाव्या लागल्या.

बंदुकीला काही झालं नव्हतं. पिवळी तिला मानवत होती. कोण जाणे, हिरवी आणि निळीही मानवत असेल. मी तिथे उभी राहिले आणि मला आठवलं, बाबा मेबलकडे कसे बघतात ते. मान वळवून, कोंबडी बघते तसं, तिच्या कानाकडे बघत तिच्याशी बोलतात. ती खिदळते. मला वाटायचं, तिला हसवायला करतात.

दोन्ही प्लेटा हातात घेऊन मी परतले, तर बाबा दोन कप घेऊन त्या आडव्या दारापाशी उभे होते.

"काय म्हणतात बाईसाहेब? माझी कुठली?"

मी माझी प्लेट पुढे केली.

मी ते आधी ठरवलं होतं असं नाही. नाही म्हणायलाही मला वेळ होता, हेही खरं. त्यांनी कप खाली ठेवला, अंगठा प्लेटवरून फिरवला, एक भोक, लगेच दुसरं, तिसरं. पुन्हा फिरवला. त्यांचा चेहरा असा उजळला, की मी खाली बघितलं.

"आर्डिस!" ते घराकडे तोंड करून ओरडले. "ए आर्डिस! पिवळी!"

"बाळ झोपलंय!" आई खिडकीतून म्हणाली. "पिवळी काय? कावीळ?"

"आणि तुझी?" ते माझ्याकडे वळले. "आण, आण. लाजू नकोस."

मी त्यांची प्लेट त्यांच्या हातात दिली. अंगठा बराच फिरला, तेव्हा त्यांना ते कडेचं भोक सापडलं. मग ते हसले. खोकला येईपर्यंत, पिंपाला धरून हसले.

"बाकीच्या दोन कुठे गेल्या? मिनेसोटात?"

"खांदा दुखतो," मी म्हणाले. "डोळे मिटले गेले."

"डोळे मिटून काय पोरी! डोळे मिटून प्रार्थना करतात, गोळी नाही मारत." आणि मग अर्धा तास ते मला शिकवत बसले. घोडा ओढायचा नाही, दाबायचा. बार कधी झाला हे आपल्यालाच कळता कामा नये. दुखऱ्या खांद्यावर त्यांचा हात होता आणि मी मान हलवत होते. घरात गेल्यावर शिशाचा कणही अंगावर राहू नये म्हणून मी कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, स्वेटर बदलला, मगच मेबलला घेतलं.

सोमवारी ते दुकानात गेले. गाडी आईने चालवली; हल्ली तीच चालवते, बाबा म्हणतात तिला हौस आली आहे. त्या आकड्याची सहाच खोकी होती. सहाही घेऊन आले. प्लेट त्यांनी फ्रीजवर चुंबकाने लावली.

* * *

शिकारीच्या मोसमाच्या आधीच्या बुधवारी डेल्बर्टकाका जागा वाटायला आला. दरवर्षी येतो. आमच्याकडचा हाका म्हणजे दहा-बारा माणसं. निम्मी रांग धरून झाडीतून चालत हरणं उठवतात, निम्मी पुढे बंदूक घेऊन उभी असतात. कोण कुठे, हे डेल्बर्टकाका ठरवतो, आणि त्यावर वाद घालायचा नसतो. मी आणि माझा नवरा वेस मेबलला घेऊन गेलो होतो. आईने हॅम आणि बटाटे केले होते.

काका पाणी प्यायला फ्रीजपाशी गेला आणि थबकला.

"ऑरिन, हे तू मारलंस? की पेन्सिलीने भोकं पाडलीस?"

"बंदुकीला विचार."

"बंदूक तुझ्यासारखीच खोटारडी आहे. पाऊणशेवरून?"

"पाऊणशेवरून. सिग्नीला विचार, ती होती. तिची स्वतःची विचारू नकोस मात्र, बिचारीच्या दोन गोळ्या अजून उडतायत."

सगळे हसले. वेसने माझ्याकडे बघितलं. मी मेबलच्या तोंडात बटाटा घालत होते.

काकाने बियाण्याच्या पावतीमागे ओढा काढला, झाडी काढली, फुल्या मारल्या. "गेल्या वर्षी मी तुला रस्त्याच्या कोपऱ्यावर ठेवलं," तो बाबांना म्हणाला, "ते मलाही बरं वाटलं नव्हतं. यंदा ओढ्याचं तोंड तुझं."

ओढ्याचं तोंड ही सगळ्यांत चांगली जागा. दोन्हीकडून टेकड्या येऊन तिथे जेमतेम खळ्याएवढी वाट उरते, आणि मोठा नर निसटला तर तिथूनच निसटतो. पण हाकारेही तिथूनच येतात, थेट समोरून. हरीण आपल्याला ओलांडून मागे गेल्याशिवाय गोळी झाडायची नसते, आणि झाडीत कोणाचं नारिंगी जाकीट दिसलं की नळी खाली. तिथे डेल्बर्टकाका उभा राहायचा, नाहीतर, पूर्वी, बाबा.

"ओढ्यातून कोण येणार?" आईने विचारलं. ती सिंकपाशी पाठमोरी होती.

"वेस. आणि माझी दोन्ही पोरं."

बाबांनी हॅमची ताटली काकाकडे सरकवली. इतके खूश होते.

गाडीत मेबल लगेच झोपली. आमच्या वळणापाशी मी वेसला सांगितलं. सगळं, प्लेटा, अंगठा, कोंबडीसारखी मान. त्याने गाडी बाजूला घेतली.

"मी त्या नळीसमोरून चालत येणार आहे, सिग्नी."

"तुझं जाकीट नारिंगी असतं…"

"कागदी प्लेट पांढरीशुभ्र होती. काळं वर्तुळ काढलेली. जागची हलतही नव्हती."

मी समोरच्या काचेतून रस्ता बघत राहिले.

"मी डेल्बर्टला सांगतो," तो म्हणाला.

"नको. मी बाबांना सांगते."

"कधी?"

"उद्या."

"उद्याच," वेस म्हणाला. तो ओरडला नाही. त्याने मागे वळून मेबलचं घसरलेलं पांघरूण नीट केलं आणि गाडी सुरू केली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

* * *

गुरुवारी दुपारी बाबा ट्रॅक्टरच्या शेडमध्ये होते. नारिंगी जाकीट खिळ्याला टांगलेलं, आणि ते त्याच्या पट्ट्यांत एकेक पिवळं काडतूस खोचत होते. न बघता, बोटांनी चाचपत. मेबलला मी आईकडे ठेवून आले होते.

"आलीस? ती काडतुसं दे बघू. तिथे, हातोडीपाशी."

मी दिली. मग म्हणाले, "बाबा, फ्रीजवरची प्लेट माझी आहे."

"तुझी काय म्हणून? तुझी ती…" ते हसत वळले. "ती एका भोकाची."

"ती तुमची."

त्यांचं हसू एकदम गेलं नाही. जरा वेळ तसंच राहिलं, विसरल्यासारखं. हातातलं काडतूस ते बोटांत फिरवत होते.

"म्हणजे मी हसलो, ती…"

"हो."

"एक कडेला."

"हो."

"बाकीच्या दोन?"

"बांधात."

"किती लांब? खरं सांग."

"एक, दोन हातांवर. दुसरी त्याहून लांब."

"आणि हिरव्या, निळ्या, त्या?"

"त्याही तशाच. मी जरा म्हणत होते."

ते पालथ्या घातलेल्या बादलीवर बसले. बाहेर आईची कोंबडी खुराड्यातून निघून शेडच्या दाराशी आली, आत डोकावली, गेली.

"म्हणजे बंदूक ठीक आहे," बाबा म्हणाले.

"बंदूक अगदी ठीक आहे. चांगली आहे."

"मला वाटलं होतं, नळी गेली." आणि खरंच, क्षणभर त्यांना बरं वाटलेलं मला दिसलं. मग ते म्हणाले, "गेल्या हिवाळ्यापासून जरा धूसर दिसतं, एप्रिलपासून नजरेत मधोमध डाग आहे. तेलाचा अंगठा उमटावा तसा. चष्मा पुसला, बंदुकीची दुर्बीण पुसली, गाडीची काच, न्हाणीतला आरसा. सगळ्या काचा पुसून झाल्या."

"आईला माहितीये?"

"मला कमी दिसतंय एवढं आईला माहितीये. किती ते माहीत नाही. डॉक्टरकडे चल म्हणते, मी म्हणतो मोसम संपू दे."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू का नाही सांगितलंस?"

मी जे खरं होतं तेच म्हणाले, "तुम्ही खूश झालात."

"झालो," बाबा म्हणाले. "अडीच आठवडे. येता-जाता त्या प्लेटला हात लावायचो. तुझ्या आईला विचार." त्यांनी काडतूस खोक्यात परत ठेवलं. "ओढ्यातून वेस येणार होता."

"हो."

"हे तुला काल सुचलं."

"काल. काकाने फुली मारली तेव्हा."

त्यांनी मला रागवावं म्हणून मी वाट बघत होते, शाळेतून पत्र आल्यावर बघायचे तशी.

"तू नऊ वर्षांची असशील," ते म्हणाले. "डेल्बर्ट होता, त्याचा मेहुणा होता. मी झाडली आणि तुला प्लेटपाशी पाठवलं. तू तिथून ओरडलीस, 'बाबा, लागलीच नाही!' सगळ्यांसमोर. मला इतका राग आला होता, घरी येईपर्यंत तुझ्याशी बोललो नाही. आठवतं?"

"आठवतं."

"त्या दिवसापासून तू म्हणशील ते मी धरून चालायचो. तू डावीकडे म्हणालीस की मी डावीकडे धरायचो. कधी जाऊन बघितलं नाही."

ते उठले. पट्ट्यांतली काडतुसं एकेक करून काढली, सगळी, आणि खोक्यात भरली. मग घरात गेले आणि भिंतीवरच्या फोनवरून डेल्बर्टकाकाला फोन लावला. मी दारातच उभी होते.

"ओढ्याच्या तोंडावर दुसरा माणूस घाल… नाही, खांदा नाही. खांदा ठीक आहे. डोळे." पलीकडून काका काहीतरी म्हणत राहिला. "नाही, कोपऱ्यावर पण नको. कुठेच नको, डेल्बर्ट. मला दिसत नाही."

आई मेबलला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या मध्येच उभी राहिली होती. बाबांनी फोन ठेवला, चाचपत चुंबक काढलं आणि प्लेट माझ्या हातात दिली.

"तुझी आहे, घेऊन जा," ते म्हणाले. "चांगली मारलीयस."

* * *

शनिवारी उजाडायच्या आत वेस हाक्याला गेला. मी मेबलला गुंडाळून आईबाबांकडे आले. बाबा केव्हाचे उठून, दाढी करून खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसले होते. लोकरीचा शर्ट, जाड मोजे, सगळं घातलेलं. जाकीट तेवढं नव्हतं. मेबलला मी त्यांच्या मांडीवर दिलं आणि तिने त्यांच्या शर्टाचं बटण तोंडात घातलं.

आठच्या सुमाराला टेकडीपलीकडे पहिला बार झाला.

"डेल्बर्ट," बाबा म्हणाले.

लागोपाठ दोन.

"त्याचा धाकटा. घाई करतो, गाढव." मग बऱ्याच वेळाने एक, दबका, खालून आलेला. "हा ओढ्याच्या तोंडावर. कोणाला ठेवलंय?"

"डेल्बर्टकाकाच्या व्याह्याला," मी म्हणाले.

आई ओट्यापाशी पीठ मळत होती. काल तिने शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरची मंगळवारची वेळ घेतली होती, आणि बाबांनी नाही म्हटलं नव्हतं. ते तिच्या मनाला फार लागलं होतं; नाही म्हणाले असते तर तिला भांडता आलं असतं.

शेतात बर्फ पातळसं पडलं होतं, खालून सोयाबीनची खुंटं दिसत होती. हाक्याच्या आवाजाने टेकडीवरून हरणं उतरली आणि आमच्याच शेतातून, घराच्या अगदी जवळून, एकामागे एक चालत जाऊ लागली. पळत नव्हती. इथे कोणी उभं नाही हे त्यांना कळलं असावं.

बाबांनी मान वळवली, तिरकी. "काहीतरी हललं."

"हरणं आहेत बाबा."

"किती?"

मी मोजली. पुन्हा मोजली. "सात."

"नर आहे?"

"नाही. सगळ्या माद्या, आणि दोन यंदाची पिल्लं. शेवटची जराशी लंगडतेय."

ते खिडकीकडे बघत राहिले. मेबलने बटण सोडून त्यांचा कान धरला, तरी त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, झालं, पटलं त्यांना. मग ते खुर्चीतच मागे वळले, आणि अगदी हळू, मला लागू नये अशा बेताने म्हणाले, "आर्डिस, जरा इकडे ये."

आई पिठाचे हात पुढे धरून आली.

"बाहेर किती आहेत गं?"

आईने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. ओठ हलवत, बोटाने हवेत खुणा करत ती मोजू लागली, आणि मी शेजारी उभी राहून तिचं मोजून व्हायची वाट बघत राहिले.